वरचं रान, खालचं रान

माझ्या जावेची ज्वारी माझ्या ज्वारीपेक्षा हातभर उंच वाढायची, आणि ती माझ्या मातीवर वाढायची. आज हे सांगताना मला हसू येतं. त्या काळात मात्र त्यांच्या बांधाजवळून जाताना माझी मान आपोआप दुसरीकडं वळायची.

आमचं गाव भूमच्या पलीकडं, बालाघाटाच्या एका उतारावर. सगळ्यात वर डोंगर, डोंगराच्या पायथ्याला आमचं रान, आमच्या खाली थोरल्या दिरांचं रान आणि त्यांच्याही खाली ओढा. हैदराबादचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा ही वाटणी झाली. आमच्याकडं रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे पाडणाऱ्याला लबाडी करायला वाव राहत नाही. दिरांनी इमानानं वाटे पाडले. खालचं रान काळं पण लहान, वरचं हलकं पण पसरट. मामंजी मधे बसले होते. त्यांनी आमच्या मालकांना विचारलं, "बोल, तुला कंचं?"

"वरचं," मालक म्हणाले. एवढ्या मोठ्या गोष्टीला त्यांनी तंबाखू मळायलासुद्धा वेळ घेतला नाही.

घरी येताना मी पदराआडून विचारलं, "काळं रान सोडून माळ का घेतला?"

"रान बघ की केवढं आलं. पोराबाळांना पुरंल."

तेव्हा त्यांचं अगदीच चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. डोंगरावर झाडी होती. धावडा, पळस, सीताफळी, मधेमधे करवंदीच्या जाळ्या. गुरं आत शिरली की दिसायची नाहीत, गळ्यातल्या घाटीच्या आवाजावर शोधावी लागायची. झाडांखाली पालापाचोळा कुजून चहाच्या चोथ्यासारखा काळा व्हायचा आणि पाऊस त्यातला थोडा थोडा आमच्या रानात उतरवायचा. पाणीही झिरपत, रमतगमत यायचं. दिवाळी झाली तरी वरच्या बांधाला ओल असायची. म्हणजे डोंगर आमच्या वर होता तोवर आम्हीही कुणाच्या तरी खालीच होतो, आणि आम्हाला फुकट मिळत होतं. पण फुकटचं मिळतं तेव्हा माणूस वर बघत नाही.

मग राज्य बदलल्यावरच्या त्या गोंधळात डोंगराला कुणी धनी उरला नाही. बाहेरचा एक ठेकेदार आला, त्यानं कोळशाच्या भट्ट्या लावल्या. आधी मोठे धावडे गेले. लाकूड आणि कोळसा वाहायला गाड्या लागत होत्या, त्यात आमचीही गाडी होती. मालक खुशीत होते. ठेकेदार गेल्यावर उरलेल्या खुंटांना गावानं कुऱ्हाड लावली. जे फुटवे फुटले ते शेरडांनी खाल्ले. दोन-तीन पावसाळ्यांत डोंगर न्हाव्यानं भादरल्यासारखा झाला.

त्यानंतर पाणी रमत येईना, ते धावत यायला लागलं. पाऊस पडला की डोंगरावरून तांबडे लोंढे सुटायचे, आमच्या रानातून नांगरटीच्या सऱ्या धरून खाली पळायचे आणि दिरांच्या रानात जाऊन थांबायचे. तिथं जमीन सपाट, त्यामुळं पाणी दमायचं आणि अंगावरची माती टाकून द्यायचं. पाऊस उघडल्यावर मी आमच्या बांधावरून बघायची, तर आमच्या रानात खडे उघडे पडलेले आणि खाली जाऊबाईंच्या रानावर लोण्यासारखा गाळ पसरलेला. त्यावर त्यांची ज्वारी अशी चढायची, की त्यांचा गडी आत शिरला तर मुंडासंसुद्धा दिसायचं नाही.

एकदा हे सुरू झालं की एकातून दुसरं निघत गेलं. डोंगरावरचं सरपण संपलं. मग चुलीत घालायचं काय? मी शेण थापायला लागले. गोवऱ्या चुलीत गेल्या, उकिरडा रिकामा राहिला, आणि खत नाही म्हणून रान आणखी रोडावलं. ज्वारी कमी म्हणून कडबा कमी, कडबा कमी म्हणून एक बैल विकून दुसरा भागीत धरला, आणि शेण त्याहून कमी. जाऊबाईंचं सगळं याच्या उलट चाललेलं. त्यांच्याकडं तूर मातायची, त्यामुळं वर्षभर जाळायला तुराट्या. शेणाला त्या हातही लावत नसत. सगळं शेण उकिरड्यात, उकिरडा रानात. कडब्याची गंजी घरापेक्षा उंच. माझी चूल माझं रान खात होती आणि त्यांची चूल त्यांच्या रानातूनच पेटत होती. गोवऱ्या थापताना ही गोष्ट माझ्या डोक्यात रोज फिरायची, आणि गोवरी भिंतीवर जरा जास्तच जोरात बसायची.

जाऊबाई वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या मोकळ्या स्वभावाच्या. हरभरा आला की पहिला हिरवा डहाळा आमच्याकडं पाठवायच्या. टोपली दारात आली की मुलं नाचायची. मी मात्र मनात म्हणायची, आमच्याच मातीचा हरभरा आम्हालाच वाटतीया, वर पुण्य घेतीया. आणि सोललेला पहिला दाणा तोंडात टाकला की तो गोड लागायचा, त्याचाही राग यायचा.

एका वर्षी मी हट्टाला पेटले. उन्हाळाभर गोवऱ्या कमी थापल्या. पोरांना घेऊन तरवडाच्या काड्या, बाभळीच्या फांद्या, जे मिळेल ते जाळलं. धुरानं डोळे सुजायचे. शेण, राख, गोठ्यातला केर, सगळं उकिरड्यात साठवलं. पेरणीआधी मालकांनी भागीच्या बैलासह गाडी जुंपली आणि ते खत रानात नेऊन ढीग घातले. मी स्वतः फावड्यानं पसरलं. मनात म्हटलं, यंदा बघतेच.

उत्तरा नक्षत्रात पाऊस आला तो आभाळ फाटल्यासारखा. दुपारभर कोसळला. उघडल्यावर मी चिखल तुडवत रानात गेले. ढिगांच्या जागी ओले डाग तेवढे राहिले होते. माझं सगळं वर्ष खाली वाहून गेलं होतं.

मालक बांधावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "त्याची मर्जी."

"त्याची कशाची? खालच्या अक्कांची बरकत," मी म्हटलं.

त्या वर्षी जाऊबाईंची ज्वारी अशी आली, की भूमच्या बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून बघायला यायची. माझ्या कानावर यायचं, 'बाईचा हात लई गुणी.' मला वाटायचं ओरडून सांगावं, हात तिचा न्हाय, उकिरडा माझा!

शिमगा झाला, त्यांची काढणी झाली, रान मोकळं झालं. भाकरी घेऊन मी त्यांच्या बांधानं चालले होते, तर मातीत काहीतरी चमकलं. वाकून बघितलं तर काचेचा तुकडा. हिरवा, त्यावर पिवळा ठिपका. आदल्या सालच्या संक्रांतीला मी भरलेल्या बांगड्यांतली एक गोठ्यात वाढली होती, तिचाच तो. गोठ्यातला केर उकिरड्यात, उकिरडा रानात, आणि रान इथं. पुढं आणखी एक सापडला. मग धाकट्याच्या मातीच्या बैलाचं शिंग. माझा अख्खा संसार जाऊबाईंच्या रानात पसरलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी टोपलं घेऊन जायला लागले. त्यांच्या रानातला वरचा गाळ खरवडायचा, टोपलं भरायचं, डोक्यावर घेऊन चढ चढायचा आणि आमच्या रानात ओतायचा. टोपल्यानं रान भरत नाही हे मला कळत होतं. पण टोपलं जड लागलं की बरं वाटायचं.

एके सकाळी मागून आवाज आला, "काय गं, काय नेतीस?"

जाऊबाई उभ्या होत्या, हातात खुरपं.

"माती," मी म्हटलं.

"कुणाची?"

"माझी." मी कमरेला खोचलेल्या चंचीतून काचेचा तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "ही माझी बांगडी. माझ्या उकिरड्यातली. तुमच्या रानात कशी आली सांगा, अक्का."

त्यांनी तुकडा उन्हात धरून निरखला. मला वाटलं आता कज्जा होणार, गाव गोळा होणार. मी पदर खोचला.

"चालत आली आसंल," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "ने की माती. पर नुसती वरची साय नगं नेऊ. चल, तुझं आणिक लई काय काय आलंय, ते बी बघ."

त्यांनी माझा हात धरून मला आमच्या सामाईक बांधाजवळ नेलं. तिथं गाळावर मुरूम येऊन बसला होता, पिवळा, टणक, पायाला टोचणारा.

"ह्या सालचा ह्यो. आदी लोणी आलं. तुझ्या रानातलं लोणी सरलं, आता हाडं याया लागल्यात. आणिक दोन पावसाळ्यांत म्या बी माळच नांगरीन."

मग ओढ्याकडच्या कोपऱ्यात. मी त्या बाजूला कधी गेले नव्हते. माझी नजर त्यांच्या चांगल्या ज्वारीवरच खिळलेली असायची. तो कोपरा चिबड झाला होता. वरचं पाणी येऊन तिथं तुंबायचं, निघायचं नाही. जमिनीवर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा खार आला होता आणि ज्वारीचे खुंट विताएवढेच राहिले होते.

"हितं पेरलेलं कुजतंय," त्या म्हणाल्या. "आन् हीर बघ."

विहिरीत मी वाकले. गाळानं ती निम्मी भरली होती, तळाशी हिरवट डबकं.

"दर साल गाळ काढायचा, तवा कुठं प्यायला पाणी. भावजी तुझे आत उतरून कुथत्यात, म्या टोपली वडते." त्या विहिरीच्या काठावर बसल्या. "यंदा ह्या कोपऱ्यात पीक पिवळं पडलं, तवा वर तुझी ज्वारी गुडघाभरच, पर हिरवी हुती. म्या हितं बसून तिच्याकडं बघत हुते. म्हनलं, वरचा वाटा आपल्याला आला आसता तर पानी तरी वाहून गेलं आसतं."

खरं सांगायचं तर दुःख वाटायच्या आधी मला गोड वाटलं. माझ्या गुडघाभर ज्वारीकडं कुणीतरी डोळे लावून बसलं होतं! टोपलं तिथंच टाकून मी घरी आले, आणि कितीतरी दिवसांनी मला भाकरी रुचली.

पुढं राज्य परत बदललं, आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, आणि गावात ताली घालणारे साहेब आले. उताराला आडवे मातीचे बांध घालायचे, म्हणजे पाणी थांबेल, माती बसेल आणि जास्तीचं पाणी दगडी सांडव्यातून हळू निघून जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माणसांनी दुर्बिणीतून बघून आमच्या रानात चुन्याच्या रेघा मारल्या. रेघा सरळ नव्हत्या, नदीसारख्या वळत गेलेल्या. मालकांना ते मुळीच पसंत पडलं नाही.

"रान तालीखाली जाईल. आन् वाकडी ताल मधे आली तर औत कसं फिरवायचं?"

"तालीखाली गेलेलं रान आपलंच राहील," मी म्हटलं. "वढ्याला गेलेलं कुणाचं?"

ओढ्याचं नाव मी बोलण्यापुरतं घेतलं होतं. माझ्या मनात जाऊबाईच होत्या. आता एक ढेकूळसुद्धा खाली जाऊ द्यायचं नाही, या एका विचारानं मी ताल मागत होते.

दिरांच्या कानावर गेलं तसे ते मामंजींकडं आले. मामंजी आमच्याकडं राहत. मी आत चुलीपाशी, जाऊबाई दाराआड.

"दादा, वर पानी आडवलं तर आमची हीर कोरडी पडंल," दीर मामंजींना म्हणाले. "गाळ न्हाय, पानी न्हाय. आमी काय खावं?"

मामंजी सुपारी कातरत राहिले. मालकांना ताल नकोच होती, आता भावाच्या नावावर ती टळत असेल तर बरंच. तेवढ्यात दाराआडून जाऊबाई बोलल्या. सासऱ्यांपुढं त्यांनी आवाज काढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"घालू द्या ताल. मुरूम तरी थांबंल."

दिरांनी चमकून दाराकडं बघितलं. मामंजी म्हणाले, "जिमिनीवरनं पळतंय ते पानी आपलं नसतंय. जिमिनीच्या पोटात जाईल ते बघू कुनीकडं निघतंय. यक पावसाळा बघा, मग भांडा."

तालीचं काम सुरू झालं. गावातली बरीच माणसं कामावर होती, जाऊबाईही आल्या. मी दिवसभर त्यांच्याकडं बघत होते. कुठं मातीचा थर पातळ तर टाकत नाहीत ना, मुद्दाम फट तर ठेवत नाहीत ना? त्यांचा थर माझ्यापेक्षा जाड असायचा. त्या पायानं दाबून दाबून माती बसवायच्या. तेही मला सहन होईना, म्हणून मीही जाड थर टाकायला लागले.

एका ठिकाणी मात्र मालकांनी आपलं खरं केलं. चुन्याची रेघ वळत होती तिथं औताला अडचण नको म्हणून त्यांनी ताल सरळ घालून घेतली. पुढच्या मोठ्या पावसात ती नेमकी तिथंच फुटली. बाकी सगळीकडं पाणी तालीच्या पोटाला, वरच्या अंगाला, शांत उभं राहिलं, तांबडं पाणी हळूहळू निवळत गेलं, आणि फुटलेल्या जागेतून मात्र तासाभरात घळ पडली. मालक घळीपाशी उभे राहिले, डोक्यावरचं मुंडासं काढून त्यांनी झटकलं आणि दुसऱ्या दिवशी चुन्याची जुनी रेघ शोधायला लागले.

रान लगेच सुधारलं नाही. तालीच्या पोटाला एक काळा पट्टा तेवढा दरवर्षी जरा जरा रुंदावत गेला. मी त्यावर खूश होते, इतक्यात चैत्र आला आणि माझी झोप उडाली. जाऊबाईंच्या विहिरीला पाणी होतं! गाळ न काढता, निवळशंख, घागर बुडेल एवढं. विहिरीभोवती त्यांनी कांदा लावला, वांगी लावली. सगळं गाव कोरडं आणि त्यांच्या दारात वांग्याची टोपली.

मी तडक त्यांच्या रानात गेले. "अक्का, माती म्या आडवली, ताल माझ्या रानात, आन् पानी तुमच्या हिरीत?"

"पोटातनं आलंय," त्या म्हणाल्या. "मामंजी म्हनलं हुतं."

"मग माझा हक न्हाय का त्यात?"

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. विहिरीजवळच्या दोन वाफ्यांकडं बोट केलं. "ते दोन तुझे. तूच लाव, तूच पानी दे. आन् आणिक यक. शेन जाळू नगं. माझ्या तुराट्या ने."

मला भांडायचं होतं. भांडण असं हातातून काढून घेतलं की माणसानं काय करावं? मी तुराट्यांची मोळी उचलली. ती डोक्यावर घेऊन चढ चढताना मान ताठली होती, ती ओझ्यानं का रागानं, कुणास ठाऊक. पण त्या वर्षापासून माझं शेण चुलीऐवजी उकिरड्यात जायला लागलं.

दरसाल उन्हाळ्यात धनगर मेंढरं घेऊन यायचे आणि जाऊबाईंच्या रानात बसवायचे. मेंढरं बसली की रान लेंड्यांनी, मुतानं तयार होतं, त्यासारखं खत नाही. आमच्याकडं मेंढरांना ना चारा ना पाणी, म्हणून ती कधी वर आली नव्हती. त्या साली धनगर आपणहून आमच्या दारात आला. "खालच्या बाईनं धाडलंय. पानी खाली पाजा, बसायला वर जावा म्हनली."

मी जाऊबाईंना गाठलं. "लेंड्या वाहून खाली येतील, म्हणून व्हय?"

"तुझी ताल सोडंल तवा येतील ना," त्या म्हणाल्या आणि कांदे निवडायला लागल्या.

डोंगर तसाच उघडा राहिला. शेरडांना कुणी आवरलं नाही. तरवड आणि कुसळं तेवढी आली, धावडा नाही आला. वरून अजून खडे यायचे, पण ते आता पहिल्या तालीतच अडकायचे.

मेंढरं बसल्यानंतरच्या हिवाळ्यात तालीच्या पोटाला ज्वारी अशी आली, की मला स्वतःला तिच्याकडं बघवेना, दृष्ट लागेल म्हणून. पट्टा अरुंद, पण त्यात ताट एकेक मनगटाएवढं. हुरड्याचे दिवस होते. सकाळी मी रानात गेले तर तालीवर जाऊबाई उभ्या. त्यांना मी दिसले नव्हते. त्या त्या पट्ट्याकडं बघत होत्या. ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही. किती वर्षं मी तीच नजर घेऊन त्यांच्या बांधावरून चालले होते.

मग त्यांनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकले.

"टपोरा हाय दाणा," मला बघून त्या म्हणाल्या. एवढंच. कौतुक त्यांच्या तोंडून काही केल्या फुटत नव्हतं.

माझ्या छातीत जे झालं ते मी लपवलं नाही. मी पदरानं तालीवरची जागा झाडली आणि म्हटलं, "बसा की अक्का. आगटी पेटवते, हुरडा खाऊन जावा."

त्या बसल्या. शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं होती. कणसं भाजताना त्या एकसारख्या ज्वारीकडं बघत होत्या, आणि मी एकसारखी त्यांच्याकडं.